न चावलेला साप

माझा धंदाच संशयाचा आहे. लोणावळ्यात भुशीकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका हॉटेलात मी रिसेप्शनला असते. माणूस आधार कार्ड पुढे करतो तेव्हा मी आधी कार्ड बघत नाही, त्याचे डोळे बघते. एसी रात्रभर चालू ठेवून सकाळी "एसी बंद होता" म्हणणारे, जाताना टॉवेल बॅगेत कोंबणारे, मैत्रिणीची बायको म्हणून ओळख करून देणारे, सगळे बघून झाले. त्यामुळे कुणाचंही पहिलं वाक्य मला खरं वाटत नाही. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढचं सगळं अशा बाईनं सांगितलेलं आहे. आणि गंमत अशी, की या आजारपणात सगळ्यात जास्त संशय घेतला गेला तो माझ्यावरच.

टाचेमागची जाड शीर तुटते म्हणजे काय होतं, ते डॉक्टर सांगतील. ती तुटूनही घरातलं कुणी मानत नाही तेव्हा काय होतं, ते मला सांगायचंय. पाय बरा व्हावा असं वाटत होतंच. पण त्याच्याही आधी मला हवं होतं, की कुणीतरी म्हणावं, "हो, हिला खरंच काहीतरी झालंय."

चिखलात

सासर पवनेच्या काठच्या गावात. भाताची खाचरं आहेत, इंद्रायणी लावतो. लावणीला घरातल्या सगळ्या सुनांनी यायचंच, नोकरी असो नसो. जुलैत हॉटेलात पर्यटकांची झुंबड असते, सुट्टी मागितली की मॅनेजरचं तोंड वाकडं होतं, तरी मी जाते. नाही गेले तर ओसरीवर काय बोललं जाईल ते मला तोंडपाठ आहे.

लावणीत सगळ्यांनी ओळीत वाकून रोपं खोचत मागे मागे सरकायचं. माझ्या शेजारी दरवर्षी आक्का. आक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. माझी एक ओळ होईपर्यंत त्यांच्या दोन होतात, आणि ते त्या बोलून दाखवल्याशिवाय राहत नाहीत.

"काय गं स्मिता, आत्ताच कंबर धरली व्हय? अजून खालचं खाचर तसंच हाय."

मी पोटरीपर्यंत रुतलेला उजवा पाय जोरात ओढला आणि टाचेच्या वर मागून फाडकन फटका बसला. कुणीतरी दगड घालावा तसा. मी गर्रकन वळून ओरडले, "कोण मारतंय?"

मागे कुणीच नव्हतं. शेजारी आक्का हातात रोपांची जुडी घेऊन माझ्याकडे बघत उभ्या. खरं सांगते, एक क्षण मला वाटलं, यांनीच लाथ मारली. मी पाय टेकवायला गेले आणि बसकण मारली ती चिखलातच.

"चावलं का काय?" कुणीतरी म्हणालं. लगेच दुसरीकडून "साप! साप!" आणि सगळं खाचर बांधावर.

चिखलात पाय, मागून फटका, आणि दिसत काहीच नाही. आमच्याकडे याचं एकच उत्तर असतं. बॅडमिंटन खेळताना असं झालं असतं तर कुणीतरी शिरेचं नाव काढलं असतं. भाताच्या खाचरात माणसाची शीर तुटते हे कुणाच्या डोक्यात येणार? माझ्याही आलं नाही. गुडघ्याखाली टॉवेल करकचून बांधला, पिकअपच्या हौद्यात आडवं घातलं, आणि सासूबाई सरकारी दवाखाना येईपर्यंत देवांची नावं घेत राहिल्या.

तिथे दाताच्या खुणा शोधल्या. पायावर खेकड्यांचे, गवताचे, काट्यांचे इतके ओरखडे होते की ज्याला जे हवं ते दिसावं. रक्त काचेच्या नळीत घेऊन गोठतंय का ते बघितलं. गोठलं. रात्रभर पापण्या उचलून बघत राहिले. सकाळी डॉक्टर म्हणाले, "विष नाही. नशीबवान आहात." पाय सुजला होता, तो बांधल्यामुळे असं ठरलं. मी त्यांना दोष देत नाही. आम्ही साप घेऊन गेलो होतो, त्यांनी सापाचं उत्तर दिलं.

सगळं नॉर्मल

ही शीर तुटली तरी माणूस चालतो. हे ज्यांना माहीत नाही त्यांनी लक्षात ठेवा, कारण माझा घात यानंच केला. पाऊल बाहेर वळवून, फरफटत, पण चालतो. जिना चढताना टाच खाली लोंबते आणि पायात जीवच नसल्यासारखं वाटतं. दुखणं मात्र आठवड्याभरात कमी होतं. दुखत नाही आणि चालता येतं, मग आजारी कशी?

सासूबाईंच्या मते सापानं नुसतं तोंड लावलं होतं, देवानं सोडलं. त्या शिरगावला जाऊन साईबाबांची उदी घेऊन आल्या. गॅसवर वीट तापवायची, तिच्यावर रुईचं पान ठेवायचं आणि टाच शेकायची, हा उपायही त्यांचाच. पानं आक्का तोडून पाठवायच्या. मी शेकत राहिले. पान काळं पडायचं, टाच होती तशी.

गणपतीत गावी गेले तेव्हा आक्का ओसरीवर सगळ्यांसमोर म्हणाल्या, "साप न्हाई, इख न्हाई, मग लंगडतीयास कशापायी? का फुडच्या लावणीची तयारी चाललीया?"

बायका हसल्या. मीही हसले. स्वयंपाकघरात जाऊन रडले आणि कांदा चिरायला घेतला.

संदीप, माझा नवरा, असं बोलणारा नाही. तो कारखान्यात क्वालिटीला आहे, प्रत्येक गोष्टीला रिपोर्ट मागतो. "रिपोर्ट सगळे नॉर्मल आहेत ना? मग तू मनाला लावून घेतलंयस," तो समजुतीनं म्हणायचा. आक्कांच्या टोमण्यापेक्षा मला त्याची समजूत जास्त लागायची. मी आंघोळीला जाताना हा दाराआडून बघतो का, एकटी असताना मी नीट चालते का हे तपासतो का, असं मला वाटायला लागलं. एकदा मी मुद्दाम वळून बघितलं. तो मोबाइल बघत होता. तरी माझा संशय गेला नाही.

सगळ्यात वाईट म्हणजे मलाच माझा संशय येऊ लागला. खरंच मी नाटक तर करत नाही? काउंटरवर समोरचा खोटं बोलतोय हे मला तोंडावरून कळतं. आरशात बघितलं तर माझं तोंडही तसंच दिसायचं.

पुन्हा करून दाखवा

दिवाळीच्या तोंडावर तळेगावच्या हाडांच्या डॉक्टरांकडे गेले. संदीप सोबत होता, पण बाहेर बाकावर बसला. "तू दाखवून ये," म्हणाला.

डॉक्टर तरुण होते, बोलणं कमी. त्यांनी मला पालथं झोपवलं, पावलं पलंगाबाहेर लोंबत. आधी डावी पोटरी दाबली. पाऊल आपसूक हललं. मग उजवी दाबली. काहीच नाही. पुन्हा दाबली. माझं पाऊल खुंटीवरच्या पिशवीसारखं लटकत राहिलं.

"अकिलीस टेंडन तुटलंय. केव्हाचं आहे हे?"

मला काय झालं असेल? भीती वाटायला हवी होती. मला आनंद झाला. लाज वाटते सांगायला, पण उशीत तोंड खुपसून मी हसत होते.

"डॉक्टर, थांबा," मी म्हटलं. "माझ्या नवऱ्याला आत बोलवा आणि पुन्हा करून दाखवा."

संदीप आत आला. डॉक्टरांनी डावी दाबली, उजवी दाबली. तो बघत राहिला. मग म्हणाला, "परत एकदा करता?" या वेळी मी त्याला मोबाइलवर व्हिडिओ काढायला लावला आणि तिथेच, पालथ्या पालथ्या, घरच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं काहीच नाही. संध्याकाळपर्यंत सगळ्यांनी अंगठे पाठवले, सासूबाईंच्या नातवानं त्यांच्या वतीनं हात जोडले. आक्कांनी बघितल्याचं दिसत होतं. उत्तर नाही.

घरी येताना गाडी संदीप चालवत होता. कामशेतच्या आसपास म्हणाला, "मला वाटलंच नाही गं." त्याला माफ करायला मला ऑपरेशन होईपर्यंत वेळ लागला.

आनंद दोन दिवस टिकला. मग डॉक्टर काय म्हणाले ते डोक्यात शिरलं. वेळेवर आले असते तर टोकं जोडून टाके घालता आले असते. आता टोकं लांब सरकली होती, म्हणून पायाच्या अंगठ्याकडे जाणारी शीर वळवून टाचेला बसवायची. "पूर्वीसारखं चालता येईल?" मी विचारलं होतं. "चालाल. पूर्वीसारखं किती, ते आज सांगू शकत नाही."

इथे माझा धंदा जागा झाला. टाचेसाठी अंगठ्याचं काढायचं, हा कसला व्यवहार? मी कुणाला न सांगता पुण्याला दुसऱ्या डॉक्टरांना दाखवून आले. तेही तेच म्हणाले. दोघांचं आतून काही ठरलेलं असेल का, असाही विचार बसमध्ये आला. शेवटी एका गोष्टीवर तळेगावच्यांकडे गेले. त्यांनी "एकदम ओके होऊन जाल" असं म्हटलं नव्हतं.

कुठला पाय?

हॉस्पिटलात दाखल झाल्यापासून जो येईल तो दोनच प्रश्न विचारायचा. नाव काय? कुठला पाय? आधी सिस्टर, मग भूल देणाऱ्या मॅडम, मग स्ट्रेचर ढकलणारे मामा. चौथ्यांदा विचारल्यावर माझी खात्री पटली की यांच्यापैकी कुणालाच माहीत नाही. मी संदीपला जवळ बोलावून म्हटलं, "डाव्या पायावर 'हा नाही' असं लिही."

सिस्टरनं ऐकलं. केरळची असावी, पण मराठी झकास. "ताई, आम्हाला माहीत आहे. तरीपण विचारतो. एकमेकांवर विश्वास ठेवायचा नाही, असा इथला नियम आहे." तिनं माझ्या उजव्या नडगीवर मार्करनं ठळक बाण काढला. त्या एका वाक्यानं मला किती बरं वाटलं म्हणून सांगू. संशय घेणाऱ्यांच्याच हातात मी होते.

कमरेतून भूल दिली, पालथं घातलं. दुखलं नाही, पण ओढाताण कळत होती. त्यानंतरचे दिवस पाय उशीवर आणि नजर छतावर. पाऊल खाली झुकवून प्लॅस्टर घातलेलं, चवड्यावर उभं राहायला निघाल्यासारखं. पाय टेकवायचा नाही म्हणजे नाही. बेडपॅन मागताना पहिल्या दिवशी रडू आलं, तिसऱ्या दिवशी मी पेपर वाचत मागवला. माणूस कशालाही सरावतो हे मला तिथे कळलं. आणि गरम पाण्यानं कुणी केस धुऊन दिले तर त्याच्याइतकं सुख नाही, हेही.

आक्का येतात

तुंगार्लीतल्या आमच्या घरी परतले त्याच्या दुसऱ्या दिवशी आक्का दारात. हातात कपड्यांची पिशवी.

"ऱ्हायला आलीया. संदीपच्या हातचं किती दिस खाशील?"

आमच्या लग्नापासून आक्का माझ्याकडे कधी मुक्कामाला राहिल्या नव्हत्या. मी पडल्या पडल्या कारणं शोधू लागले. सासूबाईंनी पाठवलं असेल. की स्वतःच खात्री करायला आल्या? त्या काम तर डोंगराएवढं करायच्या. प्लॅस्टरला प्लॅस्टिक बांधून मला खुर्चीवर आंघोळ घालायच्या, वॉकर धरून मी एका पायावर उड्या मारत जायचे तेव्हा मागून हात लावून चालायच्या. पण बोलायच्या नाहीत. ओसरीवरचं ते वाक्य आमच्या दोघींच्या मध्ये बसलेलं असायचं.

टाके काढून आणले त्या दिवशी त्या बाल्कनीत फोनवर हळू आवाजात बोलत होत्या. माझे कान तयारच होते.

"व्हय, खरंच चिरलंय. म्या माज्या डोळ्यांनी बघितलं. ह्येवढं लांब."

म्हणजे माझा अंदाज बरोबर होता! इन्स्पेक्शनला आल्यात बाई. मी संध्याकाळी चहाला नको म्हटलं. त्यांनी विचारलं नाही का ते.

वीट

प्लॅस्टर निघून बूट आला. पट्ट्यापट्ट्यांचा अगडबंब बूट, आत टाचेखाली रबराच्या चकत्या. दर काही दिवसांनी एक चकती काढायची, टाच थोडी खाली येते. प्रत्येक चकती काढताना मी शीर पुन्हा तुटल्याचा आवाज ऐकायचे. फिजिओथेरपीची मुलगी म्हणायची, "वजन टाका, काही होत नाही." काही होत नाही असं सांगणाऱ्यांवर तर माझा कधीच विश्वास नाही. मी तिच्यासमोर टाकायचे, घरी टाकायचे नाही.

एका दुपारी झोपेतून उठले तर घरात रुईच्या पानाचा कडवट वास. माझं डोकंच फिरलं. डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं, जखमेवर शेक नाही, लेप नाही, काही नाही. आणि या बाई मी झोपले असताना माझ्या पायाला काहीतरी करतायत! मी वॉकर घेतला आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिले.

"आक्का, मी नको म्हटलं होतं ना? कशाला तापवलीत वीट?"

आक्का जमिनीवर बसल्या होत्या. समोर वीट, विटेवर पान, पानावर त्यांची स्वतःची टाच. साडी घोट्याच्या वर. मी इतक्या वर्षांत त्यांचा पाय असा बघितलाच नव्हता. टाचेच्या मागे लिंबाएवढा गड्डा, वरची कातडी लाल, चपलेच्या पट्ट्यानं घासून घासून जाड झालेली. दुसऱ्या टाचेलाही तसाच, जरा लहान.

त्यांनी पटकन साडी खाली ओढली. चोरी पकडल्यासारखं तोंड झालं.

"तुज्यासाठी न्हवं," त्या म्हणाल्या.

आता जे सांगते ते सांगायला जड जातं. चार महिने ज्या बाईला कुणी मानलं नाही, तिच्या मनात पहिला विचार काय यावा? माझं बघून हिलाही आता पाय दुखायला लागला. तोंडातून निघालं नाही, पण चेहऱ्यावर आलं असणार. आक्कांनी ते वाचलं. त्यांना मी लग्न होऊन आल्यापासून वाचता येते.

"ह्येच," त्या म्हणाल्या. "ह्येच म्हनत्याल समदी. धाकलीचं बघून शिकली. म्हनून तर बोलले न्हाई कुनाला."

मी वॉकर बाजूला ठेवला आणि ओट्याला धरून कशीबशी खाली त्यांच्याजवळ बसले. बूट पुढे पसरला.

"मग मला कशाला बोललात तसं? ओसरीवर, सगळ्यांसमोर?"

त्यांनी विटेवरचं पान उलटं केलं.

"लय राग आलता," त्या म्हणाल्या. "तू चिखलात बसलीस अन् धा मानसं धावली. पिकअप काय, दवाखाना काय. मी सकाळच्याला उठते तवा पाय भुईला लावताना भित्तीला धरून रडते, कुनाचं ध्यान न्हाई. तुज्याकडं दावायला व्हिडिओ हाय. माज्याकडं काय हाय?"

"तुम्ही सांगायचं तरी."

"अन् लावनी कुनी केली असती? तू?"

त्या हसल्या. मलाही हसू आलं आणि मग दोघींचंही हसू लांबलं नाही. मला चीड आली, त्यांची, माझी, त्या सगळ्या घराची. मी फोन काढला आणि माझ्या तपासणीच्या दिवशी आक्कांचंही नाव लावलं. त्या नको नको म्हणत राहिल्या. "तुजं बिघडलेलं हाय ते बघ. माजं चालतंय." मी ऐकलं नाही.

दोघी

तळेगावला जाताना वाटेत त्यांनी दोनदा गाडी थांबवायला सांगितली. एकदा पाणी प्यायला, एकदा उगाच.

आधी माझं बघून झालं. चवड्यावर उभं राहा, डॉक्टर म्हणाले. दोन्ही पायांवर जमलं. एकट्या उजव्यावर टाच उचलली गेली नाही. "वर्ष जाईल," ते म्हणाले. "आणि थोडी कसर राहील कदाचित." मी मान डोलावली. आज हे लिहिताना मी काउंटरला परत उभी राहते, बोर्डवरची वरच्या रांगेतली किल्ली काढायला मात्र अजून स्टूल लागतं. ज्यांचं असं उशिरा कळलंय त्यांनी एवढं धरून चालावं. खोटं कशाला सांगू?

मग मी उठले आणि म्हटलं, "आता यांना बघा."

आक्का पलंगाच्या अगदी कडेला टेकल्या. चप्पल काढायला तयार नव्हत्या. मी खाली वाकून काढली. डॉक्टरांनी गड्डा दाबला तसा त्यांनी पलंगाचा लोखंडी दांडा घट्ट धरला, तोंडातून मात्र ब्र नाही.

"दुखतंय?"

"थोडं थोडं. चालतंय तसं."

"केव्हापासून आहे?"

आक्का त्यांच्याकडे न बघता माझ्याकडे बघत राहिल्या.

"खरं सांगू व्हय गं?" त्यांनी मला विचारलं.

"सांगा," मी म्हटलं. "मी बसलेय इथे."

"धाकला पोटात व्हता," आक्का म्हणाल्या, "तवापासनं."

त्यांचा धाकटा आता कॉलेजात जातो. तो पोटात असतानाच्या लावणीलाही त्या माझ्या शेजारी होत्या, आणि माझी एक ओळ होईपर्यंत त्यांच्या दोन झाल्या होत्या.